बारशाच्या दिवशीचा पासवर्ड

आये,

वायफाय म्हणजे काय हे तुला समजावत बसण्यात मी वेळ घालवणार नाही. तू "बरं" म्हणशील आणि चुलीतलं लाकूड पुढे सारशील, मला माहीत आहे. तू एवढंच समज की आमच्या घरात खिडकीजवळ एक पांढरी डबी आहे, तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकतात, आणि तिच्या जोरावर जर्मनीत राहणारा तुझा मुलगा मला समोर पाटावर बसल्यासारखा दिसतो. हो, तुझा तोच मुलगा, नाक पुसायला बाही वापरणारा. तो आता बाप झाला. मुलगी झाली त्याला. गेल्या रविवारी तिचं बारसं होतं आणि आत्या म्हणून तिच्या कानात नाव मी सांगायचं होतं. जाणार तर कशी? शाळेच्या पटांगणात शेवाळावरून घसरले आणि पाय प्लास्टरमध्ये घालून बसले. मग ठरलं, की मी इथून फोनवर दिसायचं, भावजयीने तो फोन लेकीच्या कानाशी धरायचा आणि मी कुर्र करायचं. त्यांची सकाळ म्हणजे आपली दुपार. सगळं ठरलेलं, आणि आदल्या दिवशी माझा फोन तांदूळ भिजत घातलेल्या पातेल्यात पडला.

पडला तर पडला. आमच्या ह्यांनी महाडहून नवा फोन आणला, माझ्या हातात दिला आणि रविवारी सकाळी एमआयडीसीत पाळीवर निघून गेले. कारखान्यात फोन आत नेऊ देत नाहीत, गेटवर जमा करावा लागतो. मी चहा घेतला, आंघोळ केली, ठेवणीतली साडी नेसले, केसांत अबोलीचा गजरा माळला आणि ऐटीत नवा फोन उघडला. तर तो विचारतो, वायफायचा पासवर्ड काय? जुन्या फोनला माहीत होता म्हणून मला कधी विचारलाच नव्हता. दोन वर्षांपूर्वी मीच टाकलेला, माझ्याच बोटांनी, आणि आता डोक्यात काही नाही. तसं आमच्या गावात साध्या रेंजचं काय सांगू? चारी बाजूंनी डोंगर. खिडकीच्या गजाला फोन चिकटवला तर पोलादपूरपर्यंत बोलणं होतं, पण माणूस दिसायचं नाव नको. रेंज हवी तर वरच्या टेपावर चढायचं, आणि मी प्लास्टरमध्ये.

तुला वाटेल, एवढं काय, नाव दुसऱ्या कोणी सांगेल. तुझा मुलगाही हेच म्हणाला होता. आठवडाभर आधीच म्हणाला, "ताई, नेट गेलं तर टेन्शन घेऊ नकोस, इथल्या शेजारच्या एक वहिनी आहेत मराठी, त्या उभ्या राहतील आत्या म्हणून." म्हटलं, "का रे, मी मेले का?" तो हसला, मी नाही हसले. आये, तू गेलीस तेव्हा तो सहावीत होता. त्याचे दप्तराचे बंद मी शिवले, त्याच्या डोक्यातल्या उवा मी काढल्या, गणितात नापास झाला तेव्हा मास्तरांसमोर मी उभी राहिले, आणि त्याच्या लग्नात तुझ्या जागी मी बसले. हे उपकार म्हणून सांगत नाही, मला ते आवडायचं. पण त्याच्या लेकीच्या कानात पहिला शब्द माझा पडणार, हे मी मनाशी धरून बसले होते. तिथे दुसरी कोणी बाई चालणार नव्हती. मग ती कितीही चांगली असो.

तर बसले मी खिडकीत. आधी जन्मतारखा टाकून पाहिल्या. मग गावाचं नाव, शाळेचं नाव, सावित्री नदी. डबीच्या पोटाला चिकटवलेल्या चिठ्ठीवरचा आकडासुद्धा टाकला, तो कंपनीचा जुना निघाला. दर वेळी फोन एकच वाक्य म्हणतो, पासवर्ड चुकीचा आहे. पोरांच्या वहीवर मी रोज जे लिहिते तेच मला हा फोन ऐकवतोय! शेवटी गजाला फोन चिकटवून केबलवाल्याला गाठलं. तो दासगावकडे कुठे तरी लाइन जोडत खांबावर चढलेला. म्हणाला, "बाई, डबीच्या मागं बारीक भोक हाय बघा. त्यात टाचणी घालून दाबून धरलं की पासवर्ड पुसला जातो. पण लाइनची सेटिंग पण जाते सगळी. ती मलाच येऊन करायला लागंल, आणि आज काय माझं येणं होत नाय. उद्या सकाळी येतो."

"उद्या येऊन काय करशील? बारसं आज आहे माझ्या भाचीचं."

"मग टाचणी घालू नका आणि आठवा बाई. तुम्हीच टाकलाय. मी तर तोंड फिरवून उभा होतो."

ते मात्र खरं. आणि त्याच्या त्या बोलण्यासरशी मला तो दिवस आठवला. डबी बसवून झाल्यावर त्याने माझ्या हातात फोन दिला होता आणि म्हणाला होता, "बाई, हा पासवर्ड म्हणजे घराचं दार समजा. निदान आठ अक्षरं पाहिजेत, इंग्रजीत टाका, आणि मला सांगू नका." दार म्हटल्यावर मला तू आठवलीस. वाडीवरच्या आपल्या घराचं दार दिवसभर सताड उघडं, कुलूप कशाला म्हणतात ते मला लग्नानंतर कळलं. पण कोणी उंबऱ्यात पाय ठेवला की आतून तुझा आवाज येणारच. तू चुलीसमोर, पाठ दाराकडे, हात पिठात. मान न वळवता विचारायचीस, कोण आहे. पायांच्या आवाजावरून तुला कळलेलं असायचं कोण ते, तरी विचारायचीस. आम्ही उत्तर दिल्याशिवाय आत यायचं नाही. धाकटा एकदा म्हणाला, "वाघ हाय." तू म्हणालीस, "वाघा, पाय धुवून ये, चिखल हाय." मी तेव्हा केबलवाल्यासमोर स्वतःशीच हसले होते आणि तुझा तोच प्रश्न टाकला होता. आठवलं! माझा जीव भांड्यात पडला.

मी लिहिलं, कोण आहे. चुकीचा. अक्षरं वाढवून लिहिलं, शेवटी ई पुढे वाय लावला, मध्ये जागा सोडली, नाही सोडली. चुकीचा. कोण आहे गं. चुकीचा. कोण आहे ते, कोण आलं आहे, कोण आलंय. घड्याळ पुढे सरकतंय, गजरा मानेला टोचतोय, पाय ठणकतोय. मी तर आता हट्टालाच पेटले. प्रश्न हाच होता, याची मला शंभर टक्के खात्री होती. मी मराठीची शिक्षिका आहे, आईचं एक वाक्य मला लिहिता येऊ नये?

आता गंमत ऐक. वरच्या घरातली काकी मांडवावरच्या वेलाची दोन तवशी घेऊन आली. मी लंगडतेय म्हणून बिचारी रोज काही ना काही आणून देते. पडवीत तिच्या पायांचा आवाज आला. मी फोनमध्ये डोकं घातलेलं, वैतागलेली, मान वर न करता ओरडले, "कोण हाय गो?"

काकी दारातच थांबली. "अगो बाय, तुमी असं बोलता?" म्हणाली आणि हसायलाच लागली. तिने मला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. मीसुद्धा कितीतरी वर्षांत स्वतःला ऐकलं नव्हतं. आये, तू कधीच "कोण आहे" म्हणाली नाहीस. तू "आहे" म्हणायचीच नाहीस मुळी. मी पोरांच्या वहीत "हाय"चं "आहे" आणि "नाय"चं "नाही" करत आले, आणि ते करता करता माझ्या आठवणीतली तूसुद्धा शुद्ध बोलायला लागली होतीस. माझ्या डोक्यात तू पाठ्यपुस्तकातल्या बाईसारखी विचारत होतीस, आणि ती बाई मला दार उघडत नव्हती. मला हसू आलं आणि रडूही आलं, दोन्ही एकदम. काकी घाबरली, तिला वाटलं पाय दुखतोय.

पण म्हणून मी शाळेतलं काम चुकीचं करते असं तू समजू नकोस. ते मी ठासून सांगते. पोरांना परीक्षेत "आहे" लिहायला लागतं, पुण्यामुंबईला मुलाखतीत "आहे" बोलायला लागतं, आणि माझी पोरं कुठेही अडत नाहीत. तुलाही मी एकदा शिकवायला गेले होते, आठवतं? पोलादपूरच्या हायस्कुलात नव्यानेच जायला लागले होते, अंगात आलं होतं. तू भाकरी थापत होतीस आणि मी म्हटलं, "आये, हाय नाही म्हणायचं, आहे म्हणायचं." तू भाकरी तव्यावर टाकलीस, पाणी फिरवलंस आणि म्हणालीस, "मग तू आहेस. मी हाय." वर म्हणालीस, "आन् मला शिकवायच्या आधी त्या कोंबड्या झाक गो, मुंगूस फिरतंय." तुझं रागावणं ते एवढंच. मी कोंबड्या झाकल्या. पण डीएडला नंबर लागला तेव्हा महाडच्या बाजारातून लाल शाईचं पेन तूच आणलंस. दुकानदाराला म्हणालीस, माझी पोर चुका काढणार हाय, चांगलं बघून दे. ते पेन मी शाई संपल्यावरही वापरलं, आत दुसरी कांडी घालून घालून. तुला काही माझ्या शुद्ध बोलण्याचं वाकडं नव्हतं. तुला फक्त स्वतःचं बदलायचं नव्हतं. बरोबर होतीस तू, आणि मीही बरोबर आहे.

मग टाकला पासवर्ड. हाय कसं लिहायचं याचाही घोळच. आधी शेवटी आय लावला, नाही घेतलं. मग के ओ एन, एच ए वाय, जी ओ. बोटावर मोजली, बरोब्बर आठ अक्षरं. आणि फोन मुकाट्याने आत गेला. काकीला मी मिठीच मारली, तवशी दोघींच्या मध्ये.

तुझा मुलगा दिसला, झब्ब्यात, घामाघूम. "ताई, कुठे होतीस? किती वेळ फोन लावतोय!" मागे पाळणा फुलांनी सजवलेला, बायका नटलेल्या, आणि त्यातली एक, तीच शेजारची वहिनी, पदर सावरून पाळण्याजवळ उभीच होती. मी आपला कॅमेऱ्याकडे बघून मोठ्यांदा म्हटलं, "आत्या आली हो! सरका." ती हसत बाजूला झाली. चांगली बाई असावी. भावजयीने लेकीला उचललं, माझ्याकडे धरलं. कपाळ तुझं आहे, आये. मी उगीच म्हणत नाही, रुंद, मध्ये किंचित दबलेलं. काकी माझ्या खांद्यावरून बघत होती, ती म्हणाली, "अगो, ही तर आजीच आली." मग भावजयीने फोन लेकीच्या कानाशी नेला. मला पडद्यावर नुसता एक गुलाबी कान दिसत होता, त्यावर बारीक लव. मी सांगितलं नाव, कुर्र केलं, आणि इथे काकीने माझ्या पाठीत असे सणसणीत धपाटे घातले की प्लास्टरसकट मी खुर्चीतून उडाले. तिकडच्या बायका टाळ्या वाजवत होत्या. नाव छान आहे, दोन अक्षरी, तिथल्या लोकांनाही म्हणता येईल असं. मला आवडलं, खरंच आवडलं.

हे पत्र मी कुठे टाकणार नाही, लिहून झालं की चुलीत जाईल, म्हणून तुला एक सांगून टाकते. ते दोन अक्षरी नाव मी दुसऱ्यांदा सांगितलं. पहिल्यांदा तिच्या कानात तुझं नाव सांगितलं. तुला जन्मभर कोणी नावाने हाक मारलेली मी ऐकली नाही. बाबांना तू अगो, वाडीला तू आमची आये, तलाठ्याला नुसता अंगठा. एकदा तरी कोणी तरी ते मोठ्याने नाही तर हळू तरी म्हणावं, असं वाटलं. कान जवळ होता, दुसऱ्या कुणाला ऐकू गेलं नाही. फोन परत तोंडासमोर आला तेव्हा तुझ्या मुलाने विचारलं, "ताई, एवढा वेळ काय सांगत होतीस तिला?"

मी म्हटलं, "रेंज जात होती रे मधेच."

रेंज अगदी छान होती, आये.