खराटा खाली असेल तेव्हा

प्रिय कुमुदिनी,

येऊन दोन महिने होत आले आणि पत्र आत्ता लिहितोय, रागावू नकोस. कितीदा लिहायला घेतलं आणि ठेवून दिलं. सातवीपर्यंतची शाळा, शब्द सापडायला वेळ लागतो. फोनवरच बोललो असतो, पण आपल्या लेकीचं, नीताचं नाव निघालं की तुझ्या फोनला आवाज येईनासा होतो. पत्राला तसं करता येत नाही. मागच्या दाराची कडी रात्री नीट लावतेस ना? ती नुसती ढकलून लागत नाही, जरा वर उचलावी लागते. आणि रक्तदाबाची गोळी चुकवू नकोस.

इथं स्टुटगार्टजवळ गारठा पडायला लागलाय. मला वाटायचं, असल्या थंडीत द्राक्ष कसलं येतंय. पण नदीच्या अंगाला उभी चढण आहे, तिच्यावर दगडी बांध घालून पायऱ्या केल्यात. दगड दिवसा तापतात, रात्री ती ऊब वेलींना पुरते. लाल द्राक्ष आहे, ट्रोलिंगर म्हणतात. फार उशिरा पिकतं, म्हणून उन्हाची सगळ्यात चांगली जागा त्यालाच देतात. आपल्या तासगावात ऑक्टोबरात कात्री चालते ती छाटणीला, इथं तोडणीला. पहिल्या दिवशी हातात कात्री आली आणि माझा हात आपसूक काडीकडे गेला, तसा मथियास ओरडतच धावला. (तुझ्यापुढं त्याला जावई म्हणायची हिंमत होत नाही, म्हणून नावानं लिहितो.) मणी टपोरा, साल पातळ, आपल्या खायच्या द्राक्षासारखी. तू घडाच्या टोकाचा मणी खाऊन बघायचीस, शेवटचा गोड तर सगळा घड गोड. नीताही अगदी तस्संच करते. टोकाचाच मणी तोडते, डोळे मिटून खाते. मी बघत राहिलो.

इथल्या द्राक्षवाल्यांची एक रीत आहे. घरातच बाकडी मांडून आपली वाइन विकतात, सोबत कांदा घातलेला खारा केक. विक्री चालू असली की दारावर खराटा टांगतात. खराटा दिसला की लोक येतात, नसला की घर बंद. मला हे कुणी सांगितलंच नव्हतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी बघतो तर दारावर खराटा लटकलेला! केरसुणी म्हण नाहीतर खराटा, लक्ष्मीच ती. सणासुदीचं तिला असं लटकवायचं? मी स्टूल आणलं, उतरवला, पुसला, कुंकू लावून दारामागं आडवा ठेवला. संध्याकाळी लोक वळणापर्यंत यायचे आणि मागं फिरायचे. नीता केक गरम करून करून थकली, मथियास दारात येऊन रस्ता बघतोय. शेवटी नातीनं, अन्वीनं, खराटा शोधून काढला आणि माझ्याकडं बोट दाखवून जर्मनमध्ये काय सांगायचं ते सांगितलं. चार वर्षांची पोर, मराठी सगळं कळतं, पण उत्तर देते जर्मनमध्येच. माझी तर पाचावर धारण बसली. मथियास पोट धरून हसला. नीता हसली नाही. खराट्यावरचं कुंकू बघत म्हणाली, "बाबा, आई आली असती तर तिनंही आल्या आल्या हेच केलं असतं." आणि आत निघून गेली.

कुमुदिनी, मी तुला दोष देत नाही. तुझ्या वडिलांनी दारूपायी घराची काय दशा केली ते मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणूनच नीतानं वाइनवाल्याशी लग्न केलं तेव्हा, दारू विकणाऱ्या घराचा उंबरा ओलांडणार नाही अशी शपथ तू घेतलीस आणि मी गप्प राहिलो. अन्वीच्या वेळीसुद्धा तू आली नाहीस. त्या पोरीला आजी फक्त फोटोत ठाऊक.

आता ज्यासाठी लिहायला बसलो ते लिहितो. नीताला पुन्हा दिवस गेलेत. फेब्रुवारीत भरतील. तुला सांगू नका म्हणाली, मागच्या वेळी वाट बघून झाली, आता पुन्हा बघवणार नाही म्हणते. डॉक्टरांनी या खेपेला फार जपायला सांगितलंय. माझा व्हिसा डिसेंबरात संपतो, मला थांबता येत नाही, आणि थांबलो तरी बाळंतिणीजवळ मी काय उपयोगाचा? जीव थाऱ्यावर नाही बघ. काल मथियासला तुझी शपथ सांगितली. मी मोबाइलमध्ये मराठीत बोललो की तो त्याला जर्मनमध्ये सांगतो. ऐकून त्यानं दारावरच्या खराट्याकडं बघितलं. मग म्हणाला, आल्झो, म्हणजे तर मग, खराटा खाली असतो तेव्हा या घरात एक पेलाही विकला जात नाही. जानेवारीत उतरवतो, आणि आई इथं आहेत तोवर टांगणार नाही. म्हणजे तेव्हा हे दारू विकणारं घर नसेल, नुसतं तुझ्या लेकीचं घर असेल. शपथ मोडत नाही, मी उलटसुलट विचार करून पाहिलाय. खराटा कुठं आडवा ठेवायचा ते तूच ठरव. येतेस की नाही, तेवढं लवकर कळव. फोन केलास तर नीताच उचलेल. आवाज येत नाही, असं तेवढं म्हणू नकोस.

तुझाच,
दत्ता