तिसऱ्या कादंबरीतला भाऊ

चि. विशाखा,
वडिवळ्याहून दादाचे आशीर्वाद.

तिकडे अमेरिकेत तुझ्या तिसऱ्या कादंबरीचंही कौतुक चाललंय, हे वाचलं. आनंद झाला, आणि धास्तीही वाटली. पहिल्या कादंबरीत तू आबांना मरण दिलंस. वर्षाच्या आत ते खरोखर गेले. दुसरीत अंबूमावशीला. तिनं मला विचारलंही होतं, "त्या पोरीनं मला न्हाई ना घातली पुस्तकात?" मी खोटं बोललो. दिवाळीपर्यंत मावशी गेली. एकामागून एक घडलं म्हणून पहिलं दुसऱ्याचं कारण ठरत नाही, हे मी वर्गात शिकवतो. वर्गात ते पटतंही.

या वेळी संस्कृत शिकवणारा भाऊ आहे. नाक माझंच दिलंयस. त्याचे विनोद मात्र माझ्यापेक्षा बरे आहेत. त्याला ऑपरेशनसाठी आत नेतात, तिथं मी पुस्तक मिटलं. सोमवारी तळेगावला माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. आजवर तुला कळवलं नव्हतं. कळवलं असतं तर त्यावर तू निबंध लिहिला असतास.

हाती घेतलेली पोथी अर्धवट सोडायची नाही आणि शेवट आधी बघायचा नाही, हे दोन्ही नियम आपल्या घरचे. पहिला मोडला, दुसरा पाळतोय. तुझ्या वहिनीनं मात्र काल दुपारी पुस्तक वाचून संपवलं. शेवट मी तिला विचारलेला नाही.

आज सकाळी तिनं माझ्या चहात, डॉक्टरांनी बंद केलेली साखर, न मागता दोन चमचे घातली.

तुझा,
अजून तरी,
दादा