मुकुंदवाडीचं घर सुनेच्या नावे

मी, गोजरबाई साहेबराव वाहुळ, वय ६९, निवृत्त अंगणवाडी सेविका, राहणार मुकुंदवाडी, छत्रपती संभाजीनगर, हे मृत्युपत्र राजीखुशीने लिहून ठेवते. माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. मला कोणी भरीस घातलेले नाही. भरीस घालायला जे आले, ते घर मुलालाच दे म्हणून आले.

१. स्टेशनजवळचे दोन खोल्यांचे घर माझ्या स्वकष्टाचे व माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझ्या पश्चात सून करुणा हिला मिळावे. मुलगा इंद्रजीत याचा त्यावर कसलाही हक्क राहणार नाही.

कारण लिहिणे भाग आहे. माझे पती कालकथित साहेबराव दारू पीत नव्हते. शुद्धीत मारायचे. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून मी लहानग्या इंद्रजीतला सांगायची, "रेडिओ मोठा कर." तो करायचा आणि तिथंच भिंतीकडे तोंड करून बसायचा.

पुढे करुणा या घरात आली. तिच्यावर हात उचलण्याआधी इंद्रजीत टीव्हीचा आवाज वाढवायचा. मी तिला हळद लावायची आणि म्हणायची, "सहन कर माय, लेकराकडं बघून." सात वर्षे मी हेच म्हटले.

नात मोनाली सात वर्षांची असताना एका दुपारी इंद्रजीत कामावरून आला आणि दारातच चप्पल भिरकावली. अजून कोणी काही बोललेही नव्हते. मोनालीने रिमोट उचलला आणि आवाज वाढवला.

त्याच दुपारी मी दोघींना घेऊन पोलीस ठाण्यात गेले. जबाब घेणाऱ्या बाई म्हणाल्या, "आजी, पोटच्या पोराविरुद्ध लिहू का?"

"व्हय, लिहा. समदं माझ्या डोळ्यांसमोर झालंय."

कोर्टाच्या आदेशाने इंद्रजीत आता शहरातल्याच छावणी भागात वेगळा राहतो. मोनाली वर्षभर बोलताना अडखळायची. आता वर्गात उभी राहून धडा वाचते.

२. बँकेतील ठेव मोनालीच्या शिक्षणासाठी आहे. त्यातून तिचे लग्न करू नये.

३. पैठणचा भाऊ कडुबा याने माझ्या मयतीला खांदा देऊ नये. अंगावर वळ घेऊन मी तीनदा माहेरी गेले. तिन्ही वेळा त्याने मला परतीच्या एसटीत बसवून दिले.

४. इंद्रजीत, लोक म्हणतात तू बापावर गेलास. तू तसा होत होतास तेव्हा मी घरातच होते आणि गप्प होते. त्याची माफी मी तुझ्याकडे मागते. करुणावर उचललेला हात मात्र तुझा होता. ती माफी तू तिच्याकडे मागायची आहे. मोनालीला भेटायला ये. ती "या" म्हणाली तरच उंबरा ओलांड. नाही म्हणाली तर मुकाट्याने परत जा, दार वाजवू नकोस.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी अंगणवाडीतील सहकारी संध्या खरात हिने करावी. मजकूर स्वतः वाचून मी दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

सही: गोजरबाई साहेबराव वाहुळ

साक्षीदार:
१. मालनबाई दाभाडे, शेजारी
२. सुदर्शन म्हस्के, निवृत्त शिक्षक

ठिकाण: छत्रपती संभाजीनगर
दिनांक: १९ जून २०२५