दौऱ्यातून उतरलेली सून

पाटोदा

मामंजींना जगदेवीचे शरणार्थ.

सून दौरा सोडून माहेरी का गेली, असं तुमी विचारलंत, म्हणून लिहिते.

तुमचे चिरंजीव दूध संघाचे डायरेक्टर. इकडं चाऱ्यावाचून गुरं मरत होती आन संघाची जीप गुजरातच्या दूध डेअऱ्या बघायला निघाली. मला नववा लागलेला. तरी "सगळ्यांच्या बायका हायत, तूबी चल," म्हणून नेलं. धक्क्यांनी पोट आवळायचं. मुक्काम तंबूत. आपल्या घरात जे शिजत न्हाई ते तिथं शिजायचं, वर दारू. वासानंच मला उमळायचं.

वाटेत एका गावी पाण्याचा टँकर आला. बाया घागरी घेऊन धावल्या. चिरंजीवांनी ड्रायव्हरला दटावलं, "आदी आमच्या आंघोळीचं पाणी उतरव!" माझ्या वाट्याची बादली मी बाहेर नेली आन एका अवघडलेल्या बाईच्या घागरीत ओतली. हे धावत आले. "चेअरमनसमोर अब्रू घालवलीस," म्हणत तिची घागर लाथेनं उलथवली. पाणी मातीत गेलं.

मला त्यांच्या तोंडाकडं बघवेना. तशीच फाट्यापर्यंत चालत गेले आन यष्टीनं माहेरी आले.

लेकीला बघायला तुमी या. त्यांना आणू नका. त्यांचा हात तिला लागलेला मला खपणार न्हाई.

पण सोयरीक तुटेल म्हणून माझे वडील हे पत्र टाकू देणार न्हाईत. तुमाला निरोप येईल तो एवढाच, की मुलगी झाली, दोघी खुशाल हायत.

तुमची सून,
जगदेवी