भेकर, सुरी आणि गाळलेलं वाक्य

मुहर्रक, बहरीन, गुरुवार संध्याकाळ

सलीमला वनखात्याने धरलंय. त्याच्या बायकोनेच, रुखसानाने, रत्नागिरीहून फोन करून सांगितलं. धाकटा भाऊ माझा, पंधरा दिवसांच्या सुट्टीवर गावी गेलेला.

"भाई, गोळी दुसऱ्याने घातली. ह्यांना का नेलं?"

काय सांगू तिला? भेकर पडलं तेव्हा जीव होता, म्हणून हलाल करायला सुरी सलीमच्या हातात दिली. व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या फोटोत बंदूकवाला नाहीच. सुरी घेऊन हसतोय तो हाच.

गेल्या महिन्यात इथल्या शिकाऱ्यांवर लेख लिहिला. आफ्रिकेत हरणं, कझाकस्तानात रानबोकड, सगळं परवान्याने. सलीमने वाचून विचारलं होतं, "मग आपल्या भेकराने काय घोडं मारलंय?" मी हसलो. आपल्याकडे भेकराचा परवाना मिळतच नाही, हे वाक्य शब्दमर्यादेसाठी गाळलं होतं. तेव्हा तोंडाने तरी सांगायचं! ऐकलं असतं का त्याने? तो फोटो पुन्हा पाहिला. किती खुशीत हसतोय.

उद्या जामिनाचा अर्ज. वकील म्हणतात, जामीन होईल, पासपोर्ट मात्र कोर्टात जमा होईल. रविवारी त्याची इथे अस्करच्या कारखान्यात शिफ्ट आहे. सुपरवायझरला मलाच सांगावं लागणार.