इंजिनाला गोडं पाणी

जहरा, शुक्रवार, २० नोव्हेंबर १९९८

आज सुट्टी असूनही कफिलाच्या, म्हणजे इथल्या अरब मालकाच्या, बोटीचं इंजिन थंडीभर बंद राहणार म्हणून नीट करून ठेवलं. गोड्या पाण्यावर चालवून आतलं मीठ काढलं, पेट्रोल संपवलं, प्लग काढून ऑइल सोडलं.

खोलीवर येतो तर धाकट्या भावाचा गावाहून फोन. पावसाळाभर पडवीत ठेवलेलं आमच्या होडीचं इंजिन गंजून जाम झालंय. आणि हे आज सांगतोय!

"ठेवताना गोड्या पाण्यानं धुतलंस का?" मी ओरडलो.

"दादा, धुवायचं असतं हे तू सांगितलंस कधी?"

फोन आपटला. दर्यावर जन्म गेला आणि एवढी अक्कल नाही?

मग जेवायला बसलो. गोडं पाणी... खरंच नाही सांगितलं. बिघडवेल म्हणून मीच त्याला इंजिनाला हात लावू दिला नाही. फक्त नारळी पौर्णिमेला, हळदकुंकू वाहण्यापुरता.