तंगुसाचे तीन वेढे

११ फेब्रुवारी २००७

माझ्या लेकीने, झरीनने, आज पडवीभर पसारा मांडला. दुबईहून आणलेला पतंग. हा म्हणे माणसाला फळीवर उभं करून पाण्यावरून ओढत नेतो! चार लांब दोऱ्या, हातात धरायचा दांडा, कमरेला पट्टा. दांडा पट्ट्यात अडकतो तिथे एक लाल मूठ. ती ढकलली की दांडा सुटतो, पतंगाचं बळ जातं आणि तो एका बारीक दोरीवर लोंबत राहतो. सगळं अद्नानने बसवून दिलंय. तिकडे तोच शिकवतो. मे महिन्यात दोघांचा निकाह.

झरीनने मूठ ढकलून दाखवली. खट् — सुटलंच!

१२ फेब्रुवारी

बाबांच्या होडीवर नियम होता — दर्यात न्यायचं ते दोनदा बांधायचं. रॉकेलचा डबासुद्धा. मी शाळेतून आले की दोरीचं टोक माझ्या हातात देत. दुसरी गाठ माझी. केवढा मान वाटायचा!

आणि ही पोर एका खटक्यावर समुद्रात जाणार.

१४ फेब्रुवारी

लिहायलाच हवं.

भाट्याच्या किनाऱ्यावर वाळूत झरीनने दोऱ्या मांडल्या. मूठ तीनदा ढकलून पाहिली, परत बसवली. मला म्हणाली, इथे बस, कुणाला हात लावू देऊ नकोस. ती आणि दादू — बाबांच्या होडीवरचा जुना तांडेल — पतंगाकडे गेले. दादूच्या टोपलीत गळाचा तंगूस होता, काचेसारखा नायलॉनचा दोरा, दिसतही नाही. मी लाल मुठीला तीन वेढे दिले. वर गाठ.

ती धावत आली, अडकवून घेतलं. दादूने पतंग सोडला. वारा एकदम वाढला. तिला उचललं, आपटलं, सुरूच्या बनाकडे फरफटत नेलं. ती मूठ ढकलतेय, ढकलतेय — आणि मी बघतेय! दादूने धावत जाऊन कोयतीने दोऱ्या तोडल्या. पहिलं झाड चार पावलांवर.

खांद्याचं हाड मोडलंय. जीव वाचला.

दादूने तंगूस गुपचूप काढून खिशात घातला. एवढंच म्हणाला, "बाय, सुटायचं ता कशाला बांधलंत?"

१५ फेब्रुवारी

सांगितलं नाही.

१७ फेब्रुवारी

अद्नानचा फोन ती घेत नाही. त्याने मूठ नीट बसवली नाही म्हणते. मी म्हटलं, होते चूक माणसाच्या हातून.

"अम्मी, त्याच्या भरवशावर मी जीव टांगला होता."

निकाह मोडायचा. इथेच राहीन म्हणते, तुझ्याजवळ.

अल्ला माफ करो — मला बरं वाटलं.

१९ फेब्रुवारी

तिचा उजवा हात गळ्यात. अद्नानला पत्र ती सांगते, मी लिहिते. इंग्रजीत. शाळेत सिस्टर श्रुतलेखन घालत, तसं मान खाली घालून. 'तू बसवलेली मूठ उघडली नाही.' अक्षर सुरेख आलं. सही तिने डाव्या हाताने केली. उद्या टाक म्हणाली.

२० फेब्रुवारी

टाकलं नाही. पत्र तिच्यापुढे ठेवून सगळं सांगितलं. तिने डाव्या हाताने फोन घेतला, अद्नानला लावला आणि माझ्याकडे पाठ केली.